मोजता न आलेली नाडी

2004 सालच्या पोळ्याची संध्याकाळ होती. बैल ओवाळून झाले होते, पुरणाचं जेवण झालं होतं, आणि मोठीमाय, म्हणजे माझी थोरली काकू, दिवसभराच्या धावपळीनंतर ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मी तेव्हा यवतमाळला डी.फार्म.च्या पहिल्या वर्षाला होते. प्रात्यक्षिकात नाडी मोजायला नुकतंच शिकवलं होतं, त्यामुळे सुटीत घरी आले की जो सापडेल त्याचं मनगट धरायची. आईची झाली, बाबांची झाली, गड्याचीही झाली. मग मोठीमायचा हात घेतला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि तीन बोटं टेकवली.

मोजताच येईना. वळवाच्या पावसाचे पहिले थेंब पत्र्यावर पडतात तसं काहीतरी बोटांखाली चाललं होतं. दोन लगोलग, मग थोडं थांबून एक, मग तीन घाईघाईने, मग इतका वेळ काहीच नाही की बोट सरकलं की काय असं वाटावं. पहिल्यांदा 78 आले. दुसऱ्यांदा 96. तिसऱ्यांदा मधेच आकडा हरवला.

"किती आले वं?" तिनं विचारलं.

"नव्वद," मी ठोकून दिलं.

"लय झाले का?"

"दिवसभर चुलीपुढं होतीस ना तू, म्हणून असतील."

तिनं बांगड्या खाली सोडल्या आणि आम्ही दुसरं काही बोलू लागलो. वहीत तिच्या नावापुढे मी काहीच लिहिलं नाही. मला मोजता येत नाही असंच मी धरून चालले होते. नाडीच मोजण्यासारखी नाही, असंही असू शकतं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्हा. 2007च्या नोव्हेंबरात दिवाळी आटोपली होती, कापसाची वेचणी ऐन भरात होती, आणि पहाटे भाकरीचं पीठ मळताना मोठीमायच्या डाव्या हातातून परात निसटली. उचलायला वाकली ती उठलीच नाही. तोंड वाकडं झालं होतं. वय 46.

लकवा मारला हे सगळ्यांनाच कळलं. त्यापुढं काय करायचं, हे प्रत्येकाला वेगळं कळत होतं. कुणीतरी लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणारा माणूस सांगितला, मोठे बाबा तिला जीपमध्ये घालून तिकडे घेऊन गेले. दोन दिवस तिथं गेले. मेंदूच्या नळीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. आज ते लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत देतात, तेव्हा ती मुदत तीन तासांचीच होती. आम्ही सेवाग्रामच्या रुग्णालयात पोचलो तिसऱ्या दिवशी दुपारी.

तिथं जे पाहिलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. एका डॉक्टरनं तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, दुसरीनं मनगट धरलं, आणि एकाच घड्याळाकडे बघत दोघांनी एक अख्खं मिनिट मोजलं. छातीतले ठोके 118. मनगटावरची नाडी 92. उरलेले 26 ठोके इतके दुबळे होते की मनगटापर्यंत पोचलेच नव्हते. "नाडी कधीपासून अशी आहे?" त्यांनी विचारलं. घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तीन वर्षांपासून माहीत होतं, आणि मी गप्प उभी होते.

मग त्यांनी मोठीमायलाच विचारलं, लहानपणी सांधे सुजले होते का? ती जड जिभेनं म्हणाली, हो, दहा-अकरा वर्षांची असताना एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा सुजला, मग घोटा. मोहाचं तेल चोळलं, महिनाभरात गेलं. शेवटच्या बाळंतपणात मात्र दम फार लागायचा.

आजाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. शाळेच्या पुस्तकात हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद असं आपण पाठ केलेलं असतं. अलिंद या शब्दाचा मूळ अर्थ घराच्या दारापुढची ओसरी. मला हा अर्थ कळला तेव्हा सगळा आजारच डोळ्यांपुढं उभा राहिला. रक्त आधी ओसरीवर येतं, ओसरी आकसते आणि त्याला दारातून आत ढकलते, मग आतला मोठा कप्पा त्याला अंगभर पाठवतो. या आजारात ओसरी आकसायचं विसरते आणि नुसती थरथरत राहते. डाव्या ओसरीच्या एका बाजूला एक छोटा कोनाडा असतो. थरथरणाऱ्या ओसरीतलं रक्त त्या कोनाड्यात साचून राहतं, आणि साचलेलं रक्त गोठतं. एखाद्या दिवशी त्यातला गोळा सुटतो आणि वर मेंदूकडे जातो. मोठीमायच्या बाबतीत ओसरीचं दारच अरुंद झालेलं होतं. लहानपणीच्या त्या तापानं झडप चिकटवून टाकली होती. दाराशी रक्त तुंबत गेलं, ओसरी फुगत गेली, आणि फुगलेली ओसरी शेवटी थरथरू लागली. ते मी 2004 साली माझ्या तीन बोटांनी ऐकलं होतं.

त्या तापाला संधिवाताचा ताप म्हणतात, आणि तो सांधे चाटतो, हृदयाला चावतो, असं वैद्यकातलं जुनं वचन आहे. सुरुवात होते साध्या घसादुखीनं. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूशी लढायला शरीर जी शस्त्रं काढतं, ती काही मुलांत स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर चालतात. दाटीवाटीचं घर, एकाच अंथरुणात चार भावंडं, घसा दुखला म्हणून कुणी डॉक्टरकडे नेत नाही, ही त्याची वाढायची जागा. ज्या देशांत घरं मोठी झाली आणि पेनिसिलिन वेळेवर मिळू लागलं, तिथून हा ताप जवळजवळ निघून गेला.

2009 साली मी तालुक्याच्या गावी मेडिकल टाकलं. मोठीमायच्या गोळ्या माझ्याच हातून जायच्या, आणि त्यामुळे या आजाराचं जे सापडेल ते मी वाचत गेले. एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता. आमच्याकडे असे किती असतील?

उत्तर शोधताना आधी अमेरिकेतलं फ्रॅमिंगहॅम हे गाव भेटतं. 1948 साली तिथल्या लोकांच्या हृदयांवर जी नजर ठेवायला सुरुवात झाली ती पिढ्यान् पिढ्या चालू राहिली. त्या नोंदींतून 1978 साली कळलं की हा आजार असलेल्या माणसाला लकव्याचा धोका इतरांच्या पाचपट असतो, आणि सोबत संधिवाताच्या तापानं बिघडलेली झडप असेल तर सतरापट. पाच आणि सतरा. पुढची सगळी औषधं, सगळे नियम प्रामुख्यानं त्या पाचपटवाल्यांना समोर ठेवून आखले गेले, कारण तिकडे तेच जास्त होते. मोठीमाय सतरापटवाली.

आपल्याकडचे असे किती, हे एका मोठ्या पाहणीत दिसतं. 46 देशांतल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेले, हा आजार असलेले 15 हजारांहून जास्त रुग्ण त्यात नोंदले गेले, आणि 2014 साली निष्कर्ष छापून आले. संधिवाताच्या तापानं हृदय बिघडलेले रुग्ण उत्तर अमेरिकेत 100 पैकी 2 होते. आफ्रिकेत 21-22. भारतात 31-32. आणि भारत, आफ्रिका, मध्यपूर्वेतले रुग्ण इतर जगाच्या मानानं सरासरी 10 ते 12 वर्षांनी तरुण होते. ही ओळ वाचली तेव्हा मी काउंटरवर एकटीच होते, आणि शटर अर्धं ओढून थोडा वेळ आत बसून राहिले. युरोपातल्या डॉक्टरांचा नियम सांगतो की 65च्या पुढचा माणूस कोणत्याही कारणानं दवाखान्यात आला तरी त्याची नाडी बघा. नियम चांगलाच आहे. पण तो जसाच्या तसा आमच्या गावात आणला तर मोठीमाय त्याच्या हाती 19 वर्षं उशिरा लागली असती.

हे मात्र रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांचं चित्र. गावात किती, याचे आकडे फार थोडे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. 1990च्या दशकात हिमालयातल्या खेड्यांत केलेल्या एका पाहणीत हजारात एक निघाला. त्यानंतर वीसेक वर्षांनी गुजरातेत आणंदच्या आसपासच्या 50 गावांत, चाळिशीपुढच्या दोन हजारांवर लोकांच्या बोटांना मोबाइलला जोडलेलं छोटं ईसीजी यंत्र लावलं, तेही एकदाच नव्हे, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा. तिथं शेकडा दीडच्या आसपास निघाले. या फरकातला काही भाग वयाचा आहे, कारण हिमालयातल्या पाहणीत तरुणही मोजले होते. पण काही भाग नक्कीच बघण्याच्या पद्धतीचा आहे. दवाखान्यातली ईसीजीची पट्टी 10 सेकंदांची असते. हा आजार सुरुवातीला येतो आणि जातो. सोमवारी ओसरी थरथरते, मंगळवारी ठीक असते. मंगळवारी काढलेली पट्टी कितीही स्वच्छ असली तरी ती फक्त मंगळवारचीच साक्ष देते.

दुसरं कारण मला जास्त छळतं. उन्हाळ्यात विहिरीत पाणी किती दिसतं हे झऱ्यावर जितकं अवलंबून असतं, तितकंच उपशावर. एखाद्या गावात हा आजार कमी लोकांना दिसला, तर तो कमी जणांना होतो म्हणूनही असेल, किंवा ज्यांना होतो ते टिकतच नाहीत म्हणूनही असेल. पाहणी करणारा ज्या दिवशी गावात येतो त्या दिवशी जिवंत असलेलेच मोजले जातात. गेल्या पोळ्याला होती आणि या पोळ्याला नाही, अशी बाई त्या आकड्यात कधीच येत नाही.

हेही सांगायला हवं, की इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत बीपी-शुगर जास्त असूनही हा आजार गोऱ्यांपेक्षा कमी सापडतो, आणि तिथं तर दवाखाने दाराशी आहेत. तेव्हा आपल्यात तो मुळातच काहीसा कमी असू शकतो. पण इंग्लंडमधल्या त्या घरांत संधिवाताच्या तापानं चिकटलेल्या झडपा फारशा नाहीत. आमच्याकडे आहेत.

विदर्भातला एक आकडा मला पाठ आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी 86 गावांतल्या सुमारे 94 हजार लोकांमधला प्रत्येक मृत्यू दोन वर्षं नोंदवला. 2011 ते 2013. एकूण 1599 मृत्यू, त्यांतले 229 लकव्याचे. दर सातांत एक. त्या गावांत मृत्यूचं सर्वांत मोठं कारण लकवा ठरलं. मलेरिया, साप, बाळंतपण या भीतींवर ज्या जिल्ह्याची ओळख उभी आहे, तिथं हे. बहुतेक जण घरीच गेले. कारण कसं कळलं? घरोघरी जाऊन मागं राहिलेल्या माणसांना विचारलं, शेवटी काय झालं, तोंड वाकडं झालं का, एक बाजू लुळी पडली का, आणि त्या उत्तरांवरून डॉक्टरांनी ठरवलं. गावाकडचे मृत्यू समजून घ्यायची याहून चांगली रीत सध्या तरी नाही. पण त्या 229 जणांतल्या कितीजणांची ओसरी थरथरत होती? मेलेल्या माणसाची नाडी कशी चालायची, हे त्याच्या सुनेला विचारून कळत नाही. ती कुणी हातात घेतलेलीच नसते. मी घेतली होती, आणि आम्हाला कुणी विचारायला आलं असतं तर मीसुद्धा "नव्वद" असंच सांगितलं असतं.

आता गोळीबद्दल थोडं बोलते, कारण माझा रोजचा संबंध तिच्याशी आहे.

या आजारात कोनाड्यातलं रक्त गोठू नये म्हणून जी गोळी देतात, तिच्या घराण्याची गोष्ट गोठ्यापासून सुरू होते. 1920च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या थंड मुलखात गाई-बैल विचित्र मरायला लागले. शिंग कापलं, खच्ची केलं की रक्त थांबेचना. लसूणघासाच्या कुळातला एक चारा ओला रचल्यामुळे बुरसला होता आणि जनावरं तोच खात होती. 1933च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मॅडिसनच्या विद्यापीठात येऊन पोचला. सोबत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त, आणि तो बुरसलेला चारा. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनं त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढायला सहाएक वर्षं घेतली. त्यावरून पुढं बनलेलं वॉरफरिन 1948 साली उंदीर मारायला बाजारात आलं, आणि 1954 साली माणसांसाठी. आपल्याकडे त्याचं भावंड असिनोकुमॅरॉल जास्त चालतं. मोठीमायची गोळी तीच.

ही गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या कास्तकाराचं ढोर मेलं म्हून मी जित्ती हाय."

ही गोळी स्वस्त आहे. महाग आहे ते तिच्यामागे चालणं. कमी पडली तर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव. मधली वाट अरुंद, आणि आपण त्या वाटेवर आहोत की नाही हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीतून कळतं. बहुतेकांना हा आकडा 2 आणि 3च्या मध्ये ठेवायचा असतो. कधी अर्धी गोळी, कधी पाऊण, सोमवार-गुरुवारी पाव जास्त. महिन्यातून निदान एकदा तपासणी, सुरुवातीला तर आठवड्याला. तपासणीचे पैसे, एसटीचं तिकीट, बुडालेली रोजी, सोबत येणाऱ्याचीही बुडालेली रोजी. 2023 पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं. माझ्याकडे येणाऱ्या दोन-तीन बाया त्यानंतर तपासणीला नेमानं जाऊ लागल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पण वेचणीच्या दिवसांत कुणी जात नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर माझ्या काउंटरवर ही गोळी कमी खपते, आणि तेव्हा मला झोप लागत नाही. पावसाळ्यात वेगळीच गोष्ट. या गोळीचं काम म्हणजे के जीवनसत्त्वाला अडवणं, आणि ते हिरव्या पालेभाजीत भरपूर असतं. आमच्याकडे पाऊस पडला की रान उघडतं. तरोटा, चिवळ, मग आंबाडी. जी बाई उन्हाळाभर बेसन आणि तुरीच्या वरणावर राहिली, ती आषाढात रोज दोन्ही वेळ पाला खाते, आणि तिचा आयएनआर खाली उतरतो. तिला मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात नुसतं सांगितलं जातं, हिरवी भाजी बंद. गरीब घरातल्या बाईला पावसाळ्यात रानभाजी बंद म्हणजे जेवण बंद. भाजी बंद करायची नसते. रोज सारखी, बेताची खायची आणि त्या हिशेबानं गोळी बसवून घ्यायची. मोठीमायला आम्ही तेच शिकवलं, रोज मूठभर पाला, बारा महिने, उन्हाळ्यात परसातली मेथी. तिचा आकडा बराचसा स्थिर राहिला.

गेल्या पंधरा वर्षांत नव्या गोळ्या आल्या. त्यांना ही तपासणी लागत नाही, पाल्याशी त्यांचं वैर नाही. आधी त्या फार महाग होत्या, मग पेटंट सुटले, देशी कंपन्यांनी बनवल्या, भाव उतरले. मला वाटलं, झालं, आता आमच्या बायांची सुटका झाली. मग 2022 साली एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. 24 देशांतले, संधिवाताच्या तापानं हृदय बिघडलेले आणि हा आजार असलेले साडेचार हजार रुग्ण. निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना जुनी. जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. झडपेचं दार बऱ्यापैकी अरुंद झालेल्यांना आजही जुनीच गोळी द्यावी लागते. म्हणजे शहरातल्या सत्तरीच्या बीपीवाल्या माणसाला तपासणीशिवाय चालणारी गोळी, आणि जिच्या गावातून सकाळी एकच एसटी निघते तिला महिन्याच्या महिन्याला रक्त द्यायला लावणारी. विज्ञानानं यात कुणावर अन्याय केलेला नाही. निकाल खरा आहे आणि तो आमच्यासारख्याच देशांतल्या रुग्णांवरून आला आहे, याचं मला मोल वाटतं. पण आता आयएनआरची तपासणी गावाजवळ आणायला हवी. बोटाच्या थेंबावर आकडा दाखवणारं हाताएवढं यंत्र असतं, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवं. शुगरचं असतं, तसंच.

आणखी एक गोष्ट काउंटरवर रोज दिसते. "रक्त पातळ व्हायची गोळी द्या" म्हणून लोक येतात. त्या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोळ्या आहेत. एक ॲस्पिरिन आणि एक ही. थरथरणाऱ्या ओसरीतल्या गुठळीला ॲस्पिरिन फारसं अडवत नाही. चिठ्ठी हरवली, जुनी गोळी संपली, शेजारच्याकडे "तीच" गोळी होती, घेतली. असं झालेलं मी दोनदा पाहिलं आहे. एकदा वेळेत कळलं. तेव्हापासून मी चिठ्ठीवर लाल पेनानं लिहून देते, आणि वाचता न येणाऱ्यांना गोळ्यांचा रिकामा पत्ता जपून ठेवायला सांगते.

माझ्याकडे एक वही आहे. या गोळीवर असलेल्या प्रत्येकाचं नाव, शेवटची तपासणी कधी, पुढची कधी. महिना उलटला आणि माणूस आलं नाही तर मी फोन करते. सध्या चौदा नावं आहेत, त्यांत नऊ बाया, आणि सहाजणी पन्नाशीच्या आतल्या. ही माझ्या दुकानाची वही, तिच्यावरून तालुक्याचा अंदाज बांधता येणार नाही. यात फक्त तेच आहेत ज्यांना कुठंतरी कुणीतरी ओळखलं.

मोजायला काय लागतं? तिशीपुढच्या माणसांचं बीपी-शुगर तपासायचा सरकारी कार्यक्रम आहे, आशाताई घरोघरी जाऊन फॉर्म भरतात, उपकेंद्रात हाताला पट्टा बांधतात. तो पट्टा बांधायला हात हातात घेतलेलाच असतो. त्याच वेळी मनगटावर तीन बोटं ठेवून अर्धं मिनिट थांबायचं. आकडासुद्धा नको. चाल सारखी आहे की नाही, एवढंच. सारखी नसेल तर नाव लिहायचं आणि ईसीजीला पाठवायचं. बोटांना खोटा संशय येईल पुष्कळदा, कधी मधेच एखादा ठोका चुकतो आणि ते निरुपद्रवी असतं, पण ती छाननी ईसीजी करेल. मी आमच्या गावच्या आशाताईला हे शिकवलं. तिनं विचारलं, फॉर्ममध्ये कुठं लिहू? फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. ती समासात लिहिते.

मोठीमाय आता पासष्टच्या घरात आहे. डावा हात अजून छातीशी दुमडलेला असतो, चालताना डावा पाय घासतो. पण उजवा हात चांगला आहे, आणि त्या उजव्या हाताची तीन बोटं ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकीच्या मनगटावर टेकतात. तिला सेकंद मोजता येत नाहीत. ती डोळे मिटते. "माह्यावानी हाय का पाह्यतो," म्हणते. तिला स्वतःची नाडी पाठ आहे, तिच्याशी ताडून बघते. दोघीजणी तिनं अशा ओळखल्या. दोघी माझ्या वहीत आहेत.

गेल्या वर्षी शेजारच्या घरातली अकरा वर्षांची पोरगी लंगडत ओसरीवर आली. गुडघा सुजला होता. मोठीमायनं नाडी बघितली, ती ठीक होती. चार दिवसांनी पोरीचा गुडघा उतरला आणि घोटा सुजला. घरचे म्हणाले, पडली असंन कुठी. मोठीमाय मला फोनवर म्हणाली, "पोरी, हे माहंच हाय. तू ये." महिन्यापूर्वी त्या पोरीचा घसा दुखला होता, ते खोदून विचारल्यावर आठवलं. सेवाग्रामला नेलं, टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. झडपेला किंचित धक्का आहे, पण दार उघडं आहे. पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर 21 दिवसांनी, पुढची पुष्कळ वर्षं. पुन्हा घसा धरू नये, पुन्हा ताप झडपेला चावू नये म्हणून.

सुई जाड असते, औषध दाट असतं, आणि पोरगी दोन दिवस पाय ओढत चालते. तिच्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे, त्यावर मी निळ्या पेनानं गोल केले आहेत. परवा गेले तेव्हा ती पान उलटून उभी होती. पुढचा गोल पोळ्याच्या दिवशी आला होता. म्हणजे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल ओढत गावभर फिरायचं, आणि पाय दुखत असणार. एक दिवस उशिरा घेतलं तर चालेल का, तिनं मला विचारलं. मी म्हटलं, उशिरा नको, आपण एक दिवस आधी घेऊ.

मोठीमाय ओसरीवरून ऐकत होती. "आधीच घे," ती म्हणाली. "अन् बैलाले चाकं हायेत. दोरी मी धरीन तुह्यासंगं."